बॉन, नॉन आणि पॉन : अठराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रांतली कुत्री

रानजाई | शनिवार, रात्री १०.१५

बाबा सध्या आमच्याकडे पॅरिसला आलेत. चाळीस वर्षं नगर जिल्ह्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काढलेला माणूस. लूव्र त्यांना दीड तासात पुरे झालं. "सगळीकडे माणसंच माणसं आहेत गं," म्हणाले. म्हणून आज त्यांना मारे भागातल्या शिकार आणि निसर्ग संग्रहालयात घेऊन गेले. सतराव्या शतकातला जुना वाडा आहे, फ्रांस्वा मांसार या वास्तुकाराने बांधलेला. १९६७ पासून त्यात हे संग्रहालय आहे. गर्दी नसते, बसायला जागा मिळते.

तिथे दोन चित्रांपुढे आम्ही मिळून तास-सव्वा तास उभे होतो. त्याबद्दल कुणाशी तरी बोलायचंय, म्हणून हा धागा.

पहिलं चित्र अलेक्सांद्र-फ्रांस्वा देपोर्तचं, १७०२ सालचं. चौदाव्या लुईच्या तीन शिकारी कुत्र्या रानात तितरांचा वास लागून थबकल्यात. चित्रावर सोनेरी अक्षरांत त्यांची नावं आहेत : बॉन, नॉन, पॉन. 'बॉन' म्हणजे चांगली, 'नॉन' म्हणजे जोगीण. राजाच्या मार्लीच्या महालात, त्याच्या खोलीबाहेरच्या दालनात लावण्यासाठी ही मालिका काढून घेतली होती. तिथे या तिघींसोबत दियान, ब्लाँद, फोल, मीत अशाही कुत्र्या होत्या आणि प्रत्येकीचं नाव चित्रावर होतं. मार्लीचा महाल पुढे क्रांतीनंतर पाडला गेला. कुत्र्या राहिल्या.

दुसरं चित्र जाँ-बातिस्त उद्रीचं, पन्नास वर्षांनंतरचं, १७५२ चं. गवताच्या पेंढ्यावर एक कुत्री पिल्लांना पाजतेय. वरून एका बाजूने उन्हाचा झोत येतोय आणि बाकी सगळा अंधार. बस, एवढंच. ना राजा, ना शिकार, ना कुठे नाव.

बाबा पहिल्या चित्रापुढे दवाखान्यात जनावर तपासायचे तसे उभे राहिले. आधी पाय, मग छाती, मग डोळे. म्हणाले, "ह्या तिघी सारख्या नाहीत. चित्रकाराला माहिती होत्या." दुसऱ्या चित्रापुढे मात्र बराच वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी म्हणाले, "वेत झालेल्या कुत्रीपाशी गेलं ना, की ती अशीच मान वर करते. अंग हलवत नाही, पिल्लं सुटतील म्हणून. फक्त मान."

माझा प्रश्न असा आहे. माणसाचं व्यक्तिचित्र म्हणजे काय ते आपल्याला कळतं. कुत्र्याचं व्यक्तिचित्र असू शकतं का? की राजाच्या तलवारीचं, घोड्याच्या खोगिराचं काढतात तसंच हे एका मालमत्तेचं चित्र? मला पहिल्या चित्रातही कुणीतरी दिसलं, पण दुसऱ्यात जास्त दिसलं, आणि नाव तर पहिल्यातच आहे. हे कोडं सुटत नाहीये.

टिपकागद | शनिवार, रात्री १०.५२

सुंदर लिहिलंयस. बॉन-नॉन-पॉन वाचून आमच्या आजोळच्या ढवळ्या-पवळ्याची आठवण झाली. यमक जुळवून नावं ठेवायची हौस राजाला काय नि शेतकऱ्याला काय, सारखीच. पण मला वाटतं यमकामागे सोयही असावी. रानात लांबून हाक मारायची तर नाव छोटं हवं आणि शेवटी आवाज खेचता यायला हवा.

वाचते आहे. बाबांना नमस्कार सांग.

जुनापुराणा | रविवार, सकाळी ७.३०

रानजाई, धाग्याबद्दल मनापासून आभार. देपोर्त हा माझा फार आवडता माणूस आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

जन्म १६६१ चा, शाँपान्य प्रांतातल्या एका खेड्यातला. पॅरिसमध्ये तो निकासियस बर्नार्ट्स या फ्लेमिश चित्रकाराच्या हाताखाली शिकला, आणि हा बर्नार्ट्स प्राणी रंगवण्यात नावाजलेल्या स्नायडर्सचा शिष्य. म्हणजे प्राणी रंगवण्याचं फ्लँडर्सकडचं घराणं गुरुपरंपरेने त्याच्यापर्यंत पोचलेलं. तरी सुरुवातीला त्याने पोट भरलं ते माणसांच्या व्यक्तिचित्रांवर. १६९५ मध्ये तो पोलंडला गेला आणि तिथल्या राजदरबारातल्या लोकांची चित्रं काढली. तिथला राजा यान सोबिएस्की वारल्यावर परतला. आणि १६९९ मध्ये फ्रान्सच्या रॉयल अकादमीत, म्हणजे चित्रकार-शिल्पकारांच्या राजमान्य संस्थेत, प्रवेशासाठी त्याने जे चित्र दिलं ते बघण्यासारखं आहे. स्वतःचंच व्यक्तिचित्र, पण शिकाऱ्याच्या वेषात, हाती बंदूक, जवळ कुत्रे, पुढ्यात मारलेली शिकार. लूव्रमध्ये आहे. आपण माणसंही काढू शकतो आणि प्राणीही, हे एकाच चौकटीत त्याने अकादमीपुढे मांडलं.

हे मांडावं लागत होतं, कारण त्या काळी चित्रांचीही जातवार उतरंड होती. १६६७ मध्ये कलेवर लिहिणाऱ्या फेलिबियँने ती लिहूनच ठेवली. सगळ्यात वर इतिहास-पुराणातले प्रसंग, मग माणसांची व्यक्तिचित्रं. जिवंत प्राणी रंगवणारा त्याच्याही खाली. फक्त फळं, फुलं, शिंपले काढणाऱ्यापेक्षा मात्र तो वरचा, कारण फळं-फुलं निर्जीव. प्राण्यांच्या चित्रकाराला मिळालेला सगळा मान हा असा हालचालीच्या हिशोबाने मिळालेला होता.

आता तुझ्या बाबांच्या वाक्याकडे येतो. चित्रकाराला त्या माहिती होत्या, हे शब्दशः खरं आहे. देपोर्तच्या मुलाने नंतर अकादमीत वाचलेलं त्याचं चरित्र उपलब्ध आहे. त्यात सांगितलंय की तो खिशात छोटी वही घेऊन राजाच्या शिकारीबरोबर जायचा, धावणाऱ्या-थांबणाऱ्या कुत्र्यांची जागच्या जागी रेखाटनं करायचा आणि मग राजा त्यातली हवी ती निवडायचा. कोणती कुत्री कोणती, हे राजा रेखाटनावरूनच ओळखायचा. हा राजा तेव्हा साठी ओलांडलेला होता. त्याच्या दरबारातल्या सेंत-सिमोंच्या आठवणींत आहे की रात्री निजायच्या आधी तो आपल्या कुत्र्यांना खाऊ घालायला जायचा. म्हणजे ओळख दोन्ही बाजूंनी होती.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा माणूस रंग घेऊन थेट रानात जात असे. भरलेली रंगपाटी आणि कुंचले पत्र्याच्या डब्यांत घालायचा. हातातल्या काठीला खाली लांब टोकदार पोलाद बसवलेलं, जमिनीत रोवायला. काठीची मूठ उघडली की तिच्यात पेचाने एक छोटी धातूची चौकट बसायची आणि तिच्यावर कागद लावायचा. पॅरिसभोवतालचं गवत, झाडांच्या साली, आभाळ त्याने असं उभ्या उभ्या कागदावर तैलरंगात काढून आणलं. १७८४ मध्ये ही सगळी कामं सरकारने विकत घेतली आणि सेव्रच्या चिनीमातीच्या कारखान्यात नमुने म्हणून पाठवली. बॉन आणि नॉनच्या पायाखालचं गवत इतकं खरं का वाटतं, त्याचं उत्तर त्या काठीत आहे.

सह्यकडा | रविवार, सकाळी ११.०५

लेख आणि जुनापुराणा यांचा प्रतिसाद, दोन्ही आवडले. पण मला वेगळं दिसतं, ते स्पष्ट लिहितो.

राजाचं आपल्या कुत्र्यांवर प्रेम असेल, नाही म्हणत नाही. पण ज्या रानात बॉन आणि पॉन थबकल्या आहेत, त्या रानात त्या काळी कुणाला पाऊल टाकायची मुभा होती? शिकार हा राजाचा आणि सरदारांचा हक्क होता. साध्या शेतकऱ्याच्या वावरातली तितरं त्याचं धान्य टिपत असली तरी त्याने ती मारायची नाहीत. राजाच्या राखीव शिकारक्षेत्रांत तर शेतकऱ्याच्या कुत्र्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधायला लावत, त्याने सशामागे धावू नये म्हणून. आपल्याकडे ओढाळ गुरांच्या गळ्यात लोढणं घालतात, तेच.

म्हणजे एकाच वेळी, एकाच देशात, काही कुत्र्यांची नावं सोन्याने लिहिली जात होती आणि काहींच्या गळ्यात लोढणं होतं. त्या लोढण्यातल्या कुत्र्याचं चित्र कुणी काढलं का? ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री विशेषाधिकार रद्द झाले, त्यात शिकारीचा हक्क अगदी वरच्या यादीत होता. लोकांच्या मनात त्याचा किती राग साठला असेल ते यावरून समजावं.

म्हणून माझ्या मते हे मालमत्तेचंच चित्र आहे. मालमत्ता देखणी आहे आणि चित्रकार थोर आहे, ही गोष्ट वेगळी.

रानजाई | रविवार, दुपारी १.२०

सह्यकडा, लोढण्याचं हे मला माहीत नव्हतं. बाबांना जेवताना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "लोढणं घातलेल्या जनावराच्या पुढच्या पायाच्या नडगीला जखमा होतात, त्या लवकर भरत नाहीत." मग बराच वेळ गप्प होते.

तुमचा मुद्दा मान्य आहे. पण एक विचारते. मालमत्तेचं चित्र काढताना चित्रकाराला त्या जिवाशी काही नातं जडतच नाही का? पैसे राजाने दिले, पण बघितलं तर देपोर्तने.

कुंचला | रविवार, रात्री ९.४०

मी कोल्हापुरात मुलांना चित्रकला शिकवतो. बघण्यावरून विषय निघालाय म्हणून उद्रीबद्दल लिहितो.

उद्री १६८६ चा, पॅरिसचाच. देपोर्तपेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. गुरू निकोला द लार्जिलिएर, हा त्या काळातला माणसांच्या व्यक्तिचित्रांचा मोठा उस्ताद. १७१९ मध्ये उद्री अकादमीत गेला तो इतिहासचित्रकार म्हणून, म्हणजे उतरंडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर. तिथून तो आपणहून प्राण्यांकडे उतरला. मला हे फार मोठं वाटतं.

७ जून १७४९ ला त्याने अकादमीत रंगाविषयी एक व्याख्यान वाचलं. त्यात गुरूची एक आठवण आहे, ती मी दरवर्षी नव्या वर्गाला सांगतो. एके दिवशी लार्जिलिएर म्हणाला, मधून मधून फुलंही रंगवायला हवीत. जा, बागेतून घेऊन ये. उद्री उत्साहाने सगळ्या रंगांचा गुच्छ घेऊन आला. गुरू म्हणाला, रंगांच्या अभ्यासासाठी ही निवड योग्य आहे असं वाटतं का तुला? जा, आता नुसत्या पांढऱ्या फुलांचा आण. मग तो पांढरा गुच्छ उजळ पार्श्वभूमीपुढे ठेवला आणि दाखवलं, बघ, सावलीच्या बाजूला ही पांढरी फुलं पार्श्वभूमीपेक्षा किती गडद दिसतात. उजेडाच्या बाजूलाही बहुतेक भाग मधल्या छटांचाच आहे. निव्वळ पांढरा म्हणावा असा रंग अगदी थोड्या ठिकाणी आहे, आणि तेवढाच लावायचा.

ही गोष्ट फुलांची असली तरी उद्रीने ती वापरली कुत्र्यांवर. राजाच्या कळपात पांढऱ्या अंगाची, त्यावर तपकिरी किंवा काळे ठिपके असलेली कुत्री भरपूर होती. पांढरं कुत्रं रंगवणं किती अवघड आहे हे ज्याने रंगवून बघितलंय त्याला विचारा. नवशिका सरळ पांढरा रंग फासतो, आणि मग कुत्रं कागदातून कापून चिकटवल्यासारखं दिसतं. पोटाखाली जमिनीचा रंग चढलेला असतो, कानाच्या आत गुलाबी झाक असते, बरगड्यांवर निळसर राखाडी, मांडीच्या आत मातकट. हे बघायला त्या एका जनावरापाशी तासन् तास बसावं लागतं, आणि बसलं की मग ते 'कुत्रं' राहत नाही, ते 'हे' कुत्रं होतं. म्हणून सह्यकडांना एवढंच म्हणेन की हुकूम मालकाचा असला तरी कुंचल्याला पांढऱ्यातले फरक शोधताना मालक आठवत नाही. माझा अनुभव सांगतोय.

१७५३ च्या सालोनमध्ये, म्हणजे अकादमीच्या जाहीर प्रदर्शनात, उद्रीने ठेवलेल्या चित्रांत ही दोन होती. एक पांढरं बदक, पांढऱ्या भिंतीपुढे, पांढरी मेणबत्ती आणि पांढरा कागद यांच्यासोबत. नुसते पांढरेच पांढरे. हे चित्र पुढे इंग्लंडमधल्या एका वाड्यातून चोरीला गेलं, ते आठवलं की आजही जीव हळहळतो. आणि दुसरं चित्र म्हणजे रानजाईच्या बाबांची पिल्लांना पाजणारी कुत्री. दोन्ही शेजारी ठेवून विचार करा. बदकात तो आपली विद्या दाखवतोय. कुत्रीत तीच विद्या आहे, पण ती दाखवायची गरज त्याला उरलेली नाही. दोन वर्षांनी, १७५५ मध्ये तो गेला.

मीनल७८ | सोमवार, पहाटे ५.१०

मी वॉशिंग्टनजवळ राहते. इथल्या नॅशनल गॅलरीत उद्रीचं 'मिस आणि ल्युतीन' आहे, १७२९ सालचं. पंधराव्या लुईच्या दोन कुत्र्या. धागा वाचून काल मुद्दाम जाऊन आले.

आमच्या गावी, जत तालुक्यात, चुलत्यांकडे कारवानी कुत्री होती. खोल छाती, पाठीला मागे बाक, पोट आत ओढलेलं, लांब नाकाड. असल्या कुत्र्यांचा स्वभाव मी लहानपणापासून बघितलाय. धावत नसतील तेव्हा ती फार लाजरी, हळवी असतात. अनोळखी माणूस जवळ आला की तोंड फिरवतात. त्या चित्रापुढे उभी राहिले आणि तेच अंग, तोच आब ओळखीचा वाटला. शरीर कुणीही नीट काढेल, पण त्या सडपातळ कुत्र्यांचं ते आतल्या आत राहणं काढायला ती ओळखीची हवीत.

अजून एक गोष्ट मनात घोळतेय. उद्रीने राजाच्या कुत्र्या रंगवायला सुरुवात केली ती १७२५ च्या सुमारास. 'मिस आणि तुर्ल्यू' त्याच साली झालं. पंधराव्या लुईचा जन्म १७१० चा. म्हणजे पंधरा वर्षांचं पोर! दोन वर्षांचा असताना आई, बाप आणि मोठा भाऊ काही दिवसांच्या अंतराने गेले, पाचव्या वर्षी पणजोबा, म्हणजे चौदावा लुई, गेला आणि हा राजा झाला. उद्री रंगवत असताना तो राजा जवळ बसून बघायचा, असं सांगतात. मला तो मालमत्ता बघणारा मालक वाटत नाही. भोवतालचा प्रत्येक माणूस ज्याच्याकडून काही ना काही मागतोय असा एक पोरका मुलगा वाटतो, आणि त्या कुत्र्यांना त्याच्याकडून काही पद-जहागीर नको होती.

याच गॅलरीत उद्रीचं १७२२ चं मार्की द बेरँगांचं चित्रही आहे. शिकारीहून येऊन झाडाखाली बसलेला सरदार आणि त्याचा कुत्रा. हा बेरँगां राजाच्या पागेचा मुख्य होता आणि उद्रीची दरबारात वर्णी लागायला त्याचा मोठा हातभार लागला.

अबोली | सोमवार, सकाळी १०.३०

सगळ्यांनी शिकारी कुत्र्यांवरच लिहिलंय. मांडीवरच्या कुत्र्यांना कुणी विचारणार आहे की नाही?

पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पोंपादूर, तिच्या दोन लाडक्या कुत्र्या होत्या, इनेस आणि मिमी. क्रिस्तोफ ह्युएने दोघींची वेगवेगळी चित्रं काढली आणि फेसारने त्यावरून छापचित्रं केली. इनेसच्या चित्राला नाव दिलं 'निष्ठा', मिमीच्या चित्राला 'अढळपणा'. छापचित्र म्हणजे ते दुकानात विकत मिळणार, कुणाच्याही भिंतीवर लागणार. पोंपादूर ही राजाची पत्नी नव्हे, तिचं दरबारातलं स्थान रोज नव्याने टिकवायचं होतं. 'मी एकनिष्ठ आहे' हे स्वतःच्या तोंडाने सांगणं तिला शोभलं नसतं. ते तिच्या कुत्र्यांनी सांगितलं. बुशेने १७५६ मध्ये काढलेल्या तिच्या त्या प्रसिद्ध हिरव्या पोशाखाच्या चित्रात, जे म्युनिकला आहे, पायाशी काळी-पांढरी स्पॅनियल आहेच.

तिचं शेवटचं मोठं चित्र द्रुएने काढलं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. चेहरा एप्रिल १७६३ मध्ये समोर बसवून एका वेगळ्या छोट्या कॅनव्हासवर काढला, आणि मग तो मोठ्या कॅनव्हासमध्ये बसवून बाकीचं चित्र पूर्ण केलं. पूर्ण झालं मे १७६४ मध्ये. ती १५ एप्रिललाच गेली होती. चित्रात ती भरतकामाच्या चौकटीपाशी बसलीय, वय झालेली, शांत, आणि बाजूला तिचा काळा स्पॅनियल. मालकीण गेल्यावर कुणीतरी त्या कुत्र्याचे केस रंगवत बसलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मात्र या प्रकारच्या चित्रांतलं मला सगळ्यात अस्वस्थ करणारं चित्र म्हणजे बाशलिएचं, १७६८ मधलं, हवाना जातीचं कुत्रं. इंग्लंडच्या बोव्स संग्रहालयात आहे. हा बाशलिए सेव्रच्या कारखान्याचा कलाप्रमुख होता, त्यामुळे रंग अगदी चिनीमातीसारखे नितळ. अंगावरचे केस भादरलेलं, फीत बांधलेलं ते इवलंसं कुत्रं मागच्या दोन पायांवर उभं राहून काहीतरी मागतंय. लोक ते बघून 'किती गोड' म्हणतात. मला त्याचे डोळे बघवत नाहीत. इथे सह्यकडांचं म्हणणं मला पटतं. लोढणं फितीचंही असतं.

सह्यकडा | सोमवार, दुपारी १२.१५

अबोली, शेवटच्या वाक्याला मनापासून अनुमोदन.

मीनलताई, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो. पंधरा वर्षांच्या मुलाचा विचार मी केला नव्हता.

जुनापुराणा | सोमवार, रात्री ८.००

आता रानजाईच्या मूळ कोड्याकडे. पहिल्यात नाव आहे आणि दुसऱ्यात 'कुणीतरी' जास्त आहे, असं का? माझ्या मते मधल्या पन्नास वर्षांत काय घडलं ते बघायला हवं.

देपोर्तच्या पिढीवर देकार्त या तत्त्वज्ञाचा पगडा होता. प्राणी म्हणजे यंत्र, घड्याळासारखं. ओरडतं म्हणजे चाक कुरकुरतं, आत दुःख भोगणारं कुणी नाही. शिकारी, पशुपालक, मालकिणी यांनी हे कधी मानलं असेल असं वाटत नाही, पण विद्वानांत ते मत वजनदार होतं. अठराव्या शतकाच्या मध्यावर ते जोरात हलू लागलं. निसर्गशास्त्रज्ञ बुफाँच्या 'नैसर्गिक इतिहासा'चा कुत्र्यावरचा खंड १७५५ चा. त्यात त्याने कुत्र्यांच्या जातींचा एक वंशवृक्षच दिला आणि सगळ्यांचं मूळ धरलं ते धनगराचं कुत्रं. राजाचा ग्रेहाउंड नाही, पोंपादूरचा स्पॅनियल नाही, मेंढरांमागे फिरणारं साधं कुत्रं! त्याच वर्षी कोंदियाक या तत्त्वज्ञाने प्राण्यांवर ग्रंथ लिहून सरळ सांगितलं की प्राण्यांना संवेदना आहेत, ते तुलना करतात, शिकतात, त्यांच्या गरजांतून त्यांची बुद्धी घडते.

उद्रीची पाजणारी कुत्री या वादळाच्या अगदी मधोमध येते. आणि १७५३ च्या सालोननंतर ती कुणी विकत घेतली ठाऊक आहे? बॅरन दोल्बाकने. ज्याच्या घरी आठवड्यातून दोनदा दिदेरो वगैरे विचारवंत मंडळी जेवायला जमत आणि देव, आत्मा, द्रव्य यांवर वाद घालत, तोच. माणूस आणि बाकीची सृष्टी एकाच द्रव्याची आहे, माणसासाठी वेगळा आत्मा राखून ठेवलेला नाही, असं पुढे १७७० मध्ये दुसऱ्याच एका दिवंगत लेखकाच्या नावाने छापून ज्याने खळबळ उडवली, त्याच्या भिंतीवर ही कुत्री होती. मोठ्या आकाराच्या चित्रात, मंदिरातल्यासारख्या उजेडात, जिथे आजवर माता मरियम आणि बाळ यायचं, तिथे पेंढ्यावरची कुत्री. दोल्बाकला ती का आवडली असेल याची कल्पना करता येते.

अवांतर : उद्रीने १७४९ मध्ये पॅरिसच्या जत्रेत आलेल्या एका मादी गेंड्याचंही जवळजवळ जिवंत आकाराचं चित्र काढलं, ते जर्मनीत श्वेरीनला आहे. ती आपल्याकडची. आई मारली गेल्यावर बंगालमध्ये एका डच कंपनी अधिकाऱ्याच्या घरात वाढलेली, १७४१ मध्ये एका डच कप्तानाने जहाजातून युरोपात नेलेली. नाव क्लारा. तिचाही डोळा बघा, उद्रीने तिथेही 'गेंडा' नाही काढलेला.

सह्यकडा | मंगळवार, सकाळी ६.४५

रात्री ते पाजणाऱ्या कुत्रीचं चित्र मोठं करून बराच वेळ बघत होतो. परवा मी विचारलं होतं की लोढण्यातल्या कुत्र्याचं चित्र कुणी काढलं का. ही कुत्री कुठली, कुणाची, ते चित्रात कुठेच नाही. फ्रेंचमध्ये चित्राला 'लिस' म्हणतात, म्हणजे नुसती वेत देणारी कुत्री. कोनाड्यातला अंधार, पेंढा. राजाच्या कळपातलीही असेल, पण चित्रकाराने तसं काहीही सांगितलेलं नाही. गळ्यात काही दाखवलं नाही, सोनंही नाही आणि लाकूडही नाही.

पहिल्या चित्राबद्दलचं माझं मत तेच आहे. दुसऱ्याला मालमत्तेचं चित्र म्हणायला आता जीभ रेटत नाही.

कुंचला | मंगळवार, सकाळी ९.००

सह्यकडा, असं मोठं करून बघितलंत याचा आनंद झाला. अजून एक करून बघा. चित्र बारीक करा, टपाल तिकिटाएवढं. तरीही ऊन कुठून येतंय आणि आईचं डोकं कुठे आहे ते कळेल. सगळं चित्र त्या दोन जागांवर तोललेलं आहे.

मी या रविवारी वर्गाला आपापल्या गल्लीतलं एक कुत्रं काढून आणायला सांगितलंय. अट एकच, एकाच कुत्र्याची किमान दहा रेखाटनं, आणि ते कोणतं ते गल्लीतल्या माणसाने ओळखलं पाहिजे.

टिपकागद | मंगळवार, सकाळी ९.२५

दहा रेखाटनं इथे टाका सर, वाट बघते.

रानजाई | गुरुवार, रात्री ११.३०

उशिरा उत्तर देतेय, बाबांना घेऊन फोंतेनब्लोला गेले होते. तिथे राजवाड्यात उद्रीची राजाच्या शिकारीवरची प्रचंड चित्रं आहेत, गोब्लँच्या कारखान्यात भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं करण्यासाठी नमुने म्हणून काढलेली. त्यातल्या एकात खडकांमध्ये कोंडलेला सांबरासारखा हरीण, त्याच्यावर तुटून पडलेले कुत्रे, आणि एका बाजूला चित्र काढत बसलेला स्वतः उद्री. बाबा हरणाकडे फार वेळ बघू शकले नाहीत. उद्रीकडे मात्र बघत होते. "हा रोज हे बघत असेल आणि तरी पेंढ्यावरची ती कुत्री काढली त्याने," एवढंच म्हणाले.

तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद मी त्यांना रोज रात्री वाचून दाखवत होते. काल परत येताना गाडीत मी विचारलं, त्या कुत्रीला नाव असेल का हो? चित्रावर नाही, पण तिला कुणी हाक मारत असेल ना?

ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, दवाखान्याच्या रजिस्टरला रकाने असायचे. मालकाचं नाव, गाव, जनावराचा प्रकार, रंग, वय, आजार. जनावराच्या नावाला रकाना नव्हता. पण टेबलावर जनावर घेतलं की माणूस आधी नावच सांगायचा. साहेब, ही राणी. साहेब, हा वाघ्या, दोन दिवस झाले खात नाही. एकदा एक म्हातारी पाच कोस चालत एक कुत्री घेऊन आली होती, वेत अडलेलं. पाटीत घालून डोक्यावरून. पिल्लं काढायला तीन तास लागले. चार जगली. "रजिस्टरमध्ये मी लिहिलं, कुत्री, पांढरी, वय अंदाजे ३."

"आणि नाव?" मी विचारलं.

"चिंधी," बाबा म्हणाले. "तिचं नाव चिंधी होतं."